मामीच्या नावाची सिंहीण

नायरोवुआ,
ता. ६ जून २००४

चि. सिलांतोई हिस, कोयकाईमामाचे पोटभर आशीर्वाद.

तुझा घसा कसा आहे? नैरोबीची धूळ आपल्यासारखी स्वच्छ नसते, धुरात मळलेली असते. कोमट दुधात तूप घालून घेत जा. तुझ्या आईचे गुडघे कसे आहेत? तिसऱ्या मजल्यावर घर घ्यायला कोणी सांगितलं होतं, हे मी विचारणार नाही, कारण मागच्या तीन पत्रांत विचारून झालंय. धाकट्या सेनेवाची दाढ काढली का? आणि तुझे ते प्राध्यापक, ज्यांना इथला चहा प्यायल्यावर उचकी लागली होती, त्यांची उचकी थांबली ना? थांबली नसेल तर त्यांना अचानक कोणीतरी दचकवा.

इकडे सगळे बरे आहेत. माझा खोकला संध्याकाळी येतो, सकाळी जातो, पाहुण्यासारखा वागतोय. तुझी मामी ठणठणीत. तिचा आवाज टेकडीपलीकडे जातो, तेवढ्यावरून ओळख. लेक नैरेसिए सासरी रमली आहे.

आता मुद्द्याचं. तुझ्या सिंहिणीने घरात आग लावली आहे, आणि तिने बिचारीने काही केलेलं नाही. तीन वर्षांपूर्वी तू तिच्या गळ्यात रेडिओचा पट्टा बांधलास, आणि मामीच्या पाहुणचारावर खूश होऊन तिला मामीचं नाव दिलंस, नोलारी. तेव्हा सिरोंका नुसता तुझ्यासाठी सिंहांचा माग काढणारा होता. तू वस्तीत चार ठिकाणी ठेवलेल्या बोलक्या डब्यांवर तो दिवसभर ओरडायचा, नोलारी उठली, नोलारी जांभई देतेय, नोलारीने झेब्रा पाडला. मामी चुलीपाशी बसून ऐकायची आणि झेब्रा स्वतः पाडल्यासारखी मान डोलवायची. माझ्या नावाने तू तरससुद्धा ठेवला नाहीस, पण मी कधी बोललो का? असो.

आता हाच सिरोंका एप्रिलपासून आमचा जावई. आपल्यात सासूचं नाव जावयाच्या तोंडून निघणार कसं?

मेंढी घेतली असती तर एवढं अडलं नसतं. लग्नात जावयाने सासूला मेंढी दिली, की मेंढीच्या नात्याने दोघं जन्मभर एकमेकांना ‘पाकेर’ म्हणायला मोकळी, हे मी तुला सांगायला नको. पण तुझ्या मामीने मेंढी परत पाठवली. का, तर एका डोळ्याने आंधळी! म्हणे, लोक मला मरेपर्यंत जिच्यावरून हाक मारणार, ती मेंढी निदान दोन डोळ्यांची तरी असावी. सिरोंकाकडे दुसरी चांगली मेंढी नाही, गेल्या दुष्काळात सगळी गेली. तेव्हा त्याच्याकडे नाव नाही आणि नातंही नाही. नुसता घाम आहे.

परवा डब्यावर त्याचा आवाज आला, की त्या उठल्या आहेत. मग बराच वेळ खरखर. मग म्हणाला, त्या ओढ्यात आडव्या झाल्या आहेत, तोंड उघडं आहे, माशा बसल्यात. दुकानातल्या बाया ऐकून रडतच आमच्या घरी आल्या. तुझी मामी अंगणात शेळीचं दूध काढत होती. तिने एवढ्या बाया रडताना पाहिल्या आणि तिला वाटलं मीच गेलो. मी झोपलो होतो, तर तिने गदागदा हलवून मला उठवलं आणि जिवंत आहे बघून वर रागावली.

तेव्हा बाळे, सिंहिणीचं नाव बदल. शुक्रवारच्या ट्रकने उत्तर पाठव.

तुझ्या आईला माझा नमस्कार, आणि जिन्याला माझा निषेध.

तुझा मामा,
कोयकाई


नैरोबी,
ता. १४ जून २००४

ती. कोयकाईमामांस, सा. न. वि. वि.

घसा बरा आहे. आईचे गुडघे बरे आहेत, पण तुमचं पत्र वाचल्यापासून ती ‘जिना’ हा शब्द ऐकला की हसते. सेनेवाची दाढ निघाली. प्राध्यापकांची उचकी तेव्हाच थांबली होती, मामीने त्यांना दुसरा चहा विचारला तेव्हा.

मामा, नाव बदलता येणार नाही. तीन वर्षांच्या सगळ्या नोंदी त्या नावाने आहेत, बाहेरच्या देशात लेख छापून आला तो त्या नावाने आहे. आता मधूनच ती दुसरी झाली, तर परीक्षक म्हणतील ही मुलगी सिंहिणी बदलते.

आणि मामा, आत्ताच तर तिला जपायला हवं. गेल्या खेपेची तिची पिल्लं वाचली नाहीत. गायीगुरांच्या मुलखात सिंहीण पिल्लांना वर्षभर जगवू शकते की नाही, यावरच माझा सगळा प्रबंध उभा आहे. आपल्या भागात अजून एकीलाही ते जमलेलं नाही. ही तीन पिल्लं नोव्हेंबरात वर्षाची होतील. तोवर ती जगली, तर सिंह आणि गुरं शेजारी नांदू शकतात असं मला छातीठोकपणे सांगता येईल, आणि वस्तीतलं आपलं सिंहांच्या अभ्यासाचं केंद्रही चालू राहील. तिला काही झालं तर पिल्लं जातील, आणि माझी तीन वर्षंही.

सिरोंकाभाऊजींना सांगा, नाव घेऊ नका, नुसतं ‘सात नंबर’ म्हणा. माझ्या यादीत ती सातवी आहे.

आणि मामीला माझ्यातर्फे विचारा, मेंढीचा दुसरा डोळा तिला कशासाठी हवा होता? मेंढीकडून माझी पत्रं वाचून घ्यायची होती का? (हे वाक्य मामीला वाचून दाखवू नका.)

सर्वांना नमस्कार. मायेत कमी करू नका.

आपली,
सिलांतोई


नायरोवुआ,
ता. २७ जून २००४

चि. सिलांतोई हिस आशीर्वाद.

सगळ्यांच्या तब्येती बऱ्या असतील असं धरून चालतो, कारण इथे विचारायला उसंत नाही. तुझं ते मेंढीचं वाक्य मी वाचून दाखवलं नाही. मामीने माझं तोंड बघून ओळखलं आणि काढून घेतलं. ती हसली, पण त्या रात्री चहात साखर नव्हती.

सात नंबर काही जमलं नाही. सिरोंका म्हणाला, जिवंत जिवाला आकड्याने हाक मारायची? आपण गायी मोजत नाही, पोरं मोजत नाही, तर हिला मोजून हिच्यावर संकट कशाला आणायचं? त्याचं मला पटलं. मी तुझ्यावर रागावलो नाही. शहरात माणसांनासुद्धा आकडे देतात असं ऐकलंय.

संकट मात्र न मोजताच आलं. आपला शेजारी मेपुकोरी तुला आठवतोय ना? तोच, ज्याचा पांढऱ्या पाठीचा बैल चरायला निघाला की हा बैलाच्या पुढे चालायचा, लोकांनी बैलाबरोबर आपल्यालाही बघावं म्हणून. मंगळवारी सकाळी सिरोंकाने डब्यावर सांगितलं, की सगळ्यांनी ऐका, त्या झऱ्यापाशी बसल्या आहेत, भुकेल्या आहेत, रागात आहेत, पोरं सोबत आहेत, कोणीही गुरं तिकडे नेऊ नका.

सगळ्या वस्तीला कळलं. मेपुकोरी मात्र लग्न लागल्या दिवशीच भावाकडे गेला होता, तो आदल्या दिवशीच परतला होता. परत गेलेली मेंढी, अडलेलं नाव, यातलं काहीच त्याच्या कानावर नव्हतं. जावई ‘त्या, त्या’ म्हणतोय म्हणजे सासूच, हा त्याचा हिशेब. दुकानासमोर मोठ्याने म्हणाला, की कोयकाईची बायको आता झऱ्यावर बसून हुकूम सोडते काय? झरा काय तिच्या माहेरहून आणला? बघतो मला कोण अडवतं ते. आणि मुद्दाम, नुसता मामीचा नक्षा उतरवायला, बैल घेऊन निघाला. दुकानदार मागून ओरडत होता, पण मेपुकोरीने कधी मागे वळून पाहिलंय?

बैल गेला. मेपुकोरी बाभळीवर चढला म्हणून वाचला. सिरोंकाने आणि चौघांनी मिळून त्याला उतरवलं. काटे अजून निघताहेत, कुठले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

हसू नकोस. त्याच्या तिन्ही मुलांनी भाले परजायला काढले आहेत. सिरोंकाने त्यांच्या हातापाया पडून एवढंच पदरात पाडून घेतलं, की वडीलधाऱ्यांची सभा होईपर्यंत थांबायचं. सभा पुढच्या बुधवारी. सभेने हो म्हटलं, तर त्याच दुपारी ते निघतील.

सिरोंका जेवत नाही. म्हणतो, माझ्या जिभेने तिला मारलं. तुझी मामीही गप्प आहे. तू तिला गप्प कधी पाहिलंस? मला भीती वाटते.

मामा


नैरोबी,
ता. १ जुलै २००४

ती. मामांस सा. न.

पत्र ट्रकवाल्याच्या हातात देते आहे, थोडक्यात लिहिते. मला बुधवारी येता येत नाही. त्याच दिवशी परीक्षकांपुढे उभं राहायचं आहे, आणि काय बोलू ते मला कळत नाही. सिंहीण जिवंत आहे म्हणू की होती म्हणू?

सभेत सांगा, माझ्या वाटणीची तांबडी गाय मेपुकोरीकाकांना द्या. आणि चूक माझी आहे म्हणावं. नाव मी ठेवलं होतं. उद्या तिच्या पिल्लाच्या अंगावर कोणी भाला उगारला, तर सिरोंकाभाऊजींना मध्ये पडू देऊ नका. ते पडतील, म्हणून सांगते.

मामीला सांगा, तिने गप्प बसू नये. मला करमत नाही.

सिलांतोई


नायरोवुआ,
ता. ९ जुलै २००४

चि. सिलांतोई हिस, मामाचे आणि मामीचे उदंड आशीर्वाद.

सिंहीण जिवंत आहे. हे आधी लिहिलं, म्हणजे तुझी आई आता टेकून बसेल. तिचे गुडघे कसे आहेत? तुझा घसा परीक्षकांपुढे बसला नाही ना? सेनेवा दुसऱ्या बाजूने चावायला शिकली का?

आता सभा. मोठ्या बाभळीखाली सगळे म्हातारे जमले. मेपुकोरी उभ्यानेच बोलला, त्याला बसता येत नाही. म्हणाला, की त्या जनावराने माझा बैल खाल्ला, आणि जावयाने नीट सांगितलंसुद्धा नाही. मग सिरोंकाला पुढे बोलावलं. नाव का घेतलं नाहीस, असं विचारल्यावर तो जमिनीकडे बघत राहिला. सभेतल्या प्रत्येकाला सासू होती, त्यामुळे सगळेच जमिनीकडे बघायला लागले. लेकिशोन आजोबा म्हणाले, की माझ्या सासूला जाऊन युगं झाली, तिच्या नावाचा एक डोंगर आहे, मी अजून त्या डोंगराला वळसा घालून जातो. तेव्हा सिरोंका सुटला. पण सिंहीण सुटली नव्हती. मी तुझी तांबडी गाय देऊ केली, तर मेपुकोरी म्हणाला गाय नको, कातडं हवं. त्याची पोरं भाले टेकून उभी राहिली.

माझ्या हातात बोलायची काठी आली. खरं सांगतो, डोकं रिकामं. इतक्यात कुंपणापलीकडून तुझ्या मामीचा आवाज. सभेत बायकांनी बोलायचं नसतं, म्हणून ती शेळीशी बोलत होती. शेळीला म्हणाली, की काय गं चितळे, मेपुकोरीभाऊजी एवढा सजवलेला बैल घेऊन त्या दिवशी कोणाच्या दारी निघाले होते, हे कोणी विचारलं का त्यांना?

मी ऐकलं नाही असं दाखवून तेच विचारलं. मेपुकोरी म्हणाला, मी झऱ्यावर निघालो होतो. विचारलं, झऱ्यावर कोण बसलंय असं तुला वाटलं? आता तो अडकला. वाटलं होतं तुझी मामी! म्हणजे भर सभेत, माझ्यादेखत, त्याला कबूल करावं लागणार की तो माझ्या बायकोकडे बैल घेऊन निघाला होता. म्हातारे पुढे सरकले. कुंपणापलीकडे शेळी खोकली, निदान मी तरी शेळीच धरतो.

मेपुकोरीने माझ्याकडे पाहिलं, माझ्या काठीकडे पाहिलं, मग मामीच्या भावांकडे पाहिलं. ते सगळे उंच आहेत. शेवटी म्हणाला, मला ठाऊक होतं तिथे सिंहीण आहे म्हणून.

मग मी काठी आपटली. म्हटलं, मंडळी, ऐकलंत ना? सिंहीण आहे हे माहीत असून हा आपल्या पायाने, आपल्या हाताने दोरी धरून, बैल तिच्या दारी घेऊन गेला. कोणाच्या दारी जनावर नेऊन दिलं, तर आपल्यात त्याला काय म्हणतात? देणं म्हणतात. तिने नको म्हटलं का? घेतला. बैल दिला, बैल घेतला, म्हणजे आजपासून हे दोघं एकमेकांचे ‘पाकितेंग’, बैलाचे सोयरे. आपल्या पाकितेंगवर भाला टाकलेला माणूस कोणी पाहिलाय का?

 मग लेकिशोन आजोबा हसायला लागले. त्यांना हसताना धरून बसवावं लागतं. त्यांच्यामागे सगळी सभा. मेपुकोरीची धाकटी दोन पोरं तोंड फिरवून हसली, आणि हसणाऱ्याच्या हातातला भाला खाली येतो, हे मी स्वतः पाहिलं. थोरला मात्र हसला नाही. तो बापाकडे बघत होता. मेपुकोरीने काटे टोचल्यासारखं तोंड केलं, आणि भाला थोरल्याच्या हातातून काढून घेतला. म्हणाला, सोयरीक झालीच आहे तर राहू दे. पण बैलाची शिंगं माझी.

तांबडी गाय तरीही त्याच्या गोठ्यात पाठवली. पाकितेंगच्या बाजूची परतभेट म्हणून. घेताना त्याचे डोळे ओले होते. बैलावर त्याचा खरंच जीव होता गं, ते हसण्यावारी न्यायचं नाही.

सभा उठल्यावर तुझी मामी सिरोंकाच्या घरी गेली आणि ती एकडोळी मेंढी स्वतः ओढत घेऊन आली. म्हणाली, ही एका डोळ्याने जेवढं बघते, तेवढं आमचे हे दोन डोळ्यांनी बघत नाहीत. मग सिरोंकाला लांबून ओरडून सांगितलं, की आजपासून मी पाकेर, आणि माझ्या नावाची जी बाहेर फिरते तीही पाकेर, कळलं का? काल सकाळी डबा खणखणला. पाकेर टेकडीवर आहे, पाकेरची तिन्ही पिल्लं खेळताहेत. सिरोंका इतका मोठ्याने ओरडत होता की डब्याची गरज नव्हती. आणि तू नाव बदलायचं नाहीस, असं मामीचं सांगणं आहे. बाहेरच्या देशात छापलंय म्हणे.

परीक्षक काय म्हणाले ते कळव. माया असू दे.

तुझा मामा


नैरोबी,
ता. २८ नोव्हेंबर २००४

ती. मामा आणि ती. मामी यांस सा. न. वि. वि.

पिल्लं वर्षाची झाली. तिन्ही! सिरोंकाभाऊजींची नोंद हातात पडली आणि मी ग्रंथालयात ओरडले. प्रबंध स्वीकारला, केंद्र चालू राहणार, आणि जानेवारीत मी परत येते आहे. परीक्षकांनी जुलैत विचारलं होतं की सिंहीण कशामुळे वाचली. मी म्हटलं, अजून वाचली की नाही ठाऊक नाही. आता त्यांनी पुन्हा विचारलं. सभेची गोष्ट सांगितली, तर एक परीक्षक डोळे पुसत होते.

मेपुकोरीकाका रोज सकाळी डब्यावर ‘माझी पाकितेंग जेवली का’ विचारतात, हे खरं का?

एक काम आहे. तिच्या मुलखात नवा नर आलाय. नवा नर म्हटलं की पिल्लांना धोका, म्हणून मी लगेच भाऊजींना पत्र टाकलं. पण भाऊजी लिहितात, हा म्हातारा आहे. ती एकदाच गुरगुरली, एक थप्पड मारली, तर लांब जाऊन बसला. त्याला नाव हवं. या खेपेला मी ठेवणार नाही, कानाला खडा. वस्तीने ठरवावं.

आपली,
सिलांतोई


नायरोवुआ,
ता. ९ डिसेंबर २००४

चि. सिलांतोई हिस, उदंड आशीर्वाद.

तुझी आई, तिचे गुडघे, सेनेवा, प्राध्यापक, आणि ते डोळे पुसणारे परीक्षक, सगळे बरे असोत. मेपुकोरीचं खरं आहे. परवा कोणाच्या तरी कुत्र्याने पाकितेंगच्या पिल्लावर भुंकल्याबद्दल तो भांडून आला.

तो नवा सिंह मी सिरोंकाबरोबर जाऊन पाहिला. तुझ्या मामीनेही हट्ट धरला, म्हणून तीही आली, जावयापासून नियमाप्रमाणे लांब राहून. सिंह झाडाखाली पडला होता. एक कान फाटलेला, आयाळ विरळ. पोट एवढं, की त्याचं त्यालाच पलीकडचं दिसत नसेल. सिंहिणीने रानरेडा पाडला होता. हा खाऊन आला आणि खोकत खोकत परत सावलीत आडवा. दुपारभर दुसरं काही केलं नाही. मी म्हटलं, काय रुबाब आहे.

संध्याकाळी वस्तीत नावाची बोलणी झाली. तुझी मामी शेळीकडे न बघता, सरळ सगळ्यांसमोर म्हणाली, की यात विचार कसला करायचा, याचं नाव कोयकाई. आणि बाळे, एकानेही क्षणभर विचार केला नाही. मेपुकोरीने तर टाळ्या वाजवल्या. लेकिशोन आजोबांना परत धरावं लागलं.

मी रागावलो आहे, हे सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. आज सकाळपासून मी कोणाशी बोललो नाही, फक्त सिरोंकाला निरोप दिला. त्याला आता सासऱ्याचं नावही घेता येणार नाही, तेव्हा माझ्यासाठी एक कालवड तयार ठेव म्हटलं, आणि दोन्ही डोळे तपासून घे.

पट्टा बांधायला जानेवारीत येशीलच. पण तोवर त्याचं नाव तुझ्या कागदावर चढलं का, आणि पुढचा लेख बाहेरच्या देशात कधी छापून येणार, एवढं शुक्रवारच्या ट्रकने नक्की कळव. मी दुकानापाशी उभा राहीन.

तुझा मामा,
कोयकाई